गाडी खाली बसवण्यापूर्वी

आमच्या सोसायटीच्या फाटकात एक गतिरोधक आहे. कमिटीने चार घमेली काँक्रीट ओतून घेतलं, वर पिवळा रंग मारला आणि काम झालं. एका रविवारी सकाळी मी टेप घेऊन तो मोजला. रुंदी ५० सेंटिमीटर, उंची १५. वॉचमनकाका बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "काय साहेब, काढणार काय हा?" मी म्हटलं, "नाही काका, गाडी खाली घ्यायचीय." यावर ते काही बोलले नाहीत, नुसते गाडीकडे आणि मग गतिरोधकाकडे बघत राहिले.

गाडीला कमी उंचीच्या स्प्रिंगा घालायचं मनात आलं की बहुतेक जण आधी इंटरनेटवर फोटो बघतात, मग कॅटलॉग उघडतात आणि '३० मिमी की ४० मिमी' यावर मित्रांशी वाद घालतात. माझा सल्ला आहे, आधी टेप काढा आणि तुमच्या रोजच्या वाटेवरचे दोन-तीन वाईट गतिरोधक मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असायला हवा, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा एक काप. आता अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर चढली की पुढची-मागची चाकंही त्याच फुगवट्यावर असतात, त्यामुळे गाडीच्या पोटाखाली तो जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. खाली बसवलेली गाडीसुद्धा तो आरामात ओलांडते. आमच्या फाटकातला मात्र दोन चाकांच्या मधोमध अख्खा १५ सेंटिमीटर उभा राहतो. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी असेल तर रिकामी गाडी बोटभर जागा ठेवून जाते आणि चार माणसं बसली की चेंबर घासतो. म्हणजे स्प्रिंग बदलण्याआधीच तुमचा हिशोब संपलेला असू शकतो. तसा तो संपला असेल तर हा लेख इथेच सोडून चांगले टायर घ्या. त्यात कमीपणा नाही.

पुढचा प्रश्न, गाडी खाली हवी कशाला? चाक आणि मडगार्ड यांच्यातली ती मोठी पोकळी डोळ्यांना खुपते म्हणून, हे एक प्रामाणिक उत्तर आहे. मला त्याची चेष्टा करायची नाही. माझंही निम्मं उत्तर तेच होतं. वळणावर गाडी फार कलते, हे दुसरं. हायवेवर ऐंशी-नव्वदला गाडी होडीसारखी हिंदकळते, हे तिसरं. यातल्या तिसऱ्या तक्रारीचा स्प्रिंगशी बहुतेक वेळा संबंधच नसतो. साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे शॉकअप थकलेले असतात, आणि शॉकअप इतक्या हळूहळू मरतात की रोज चालवणाऱ्याला ते कळत नाही. मूळ प्रतीचे चार नवे शॉकअप, माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश बदलून बघा. कित्येकांची खाली बसवण्याची हौस तिथेच फिटते, कारण त्यांना हवी होती ती पहिल्या दिवसाची गाडी. नुसतं कलणं कमी करायचं असेल आणि तुमच्या गाडीला जाड स्टॅबिलायझर बार मिळत असेल तर तोही विचारात घ्या. त्याने उंची तसूभर कमी होत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावरही ज्यांना स्प्रिंगच बदलायच्या आहेत, त्यांच्यासाठी पुढचं.

मी स्वतः हा धडा उलट्या क्रमाने शिकलो. पंचवीस वर्षांचा असताना एका जुन्या हॅचबॅकच्या स्प्रिंगा मी चक्क कापून घेतल्या. गॅरेजवाल्याने गॅस कटर पेटवला, प्रत्येक स्प्रिंगचा एकेक वेढा उडवला आणि अर्ध्या दिवसात गाडी दीड इंच खाली. पहिल्या आठवड्यात मी सोसायटीत मान ताठ करून फिरत होतो. दुसऱ्या आठवड्यात स्टिअरिंग फिरवलं की पुढून 'टण्ण' असा आवाज यायला लागला. स्प्रिंगचं टोक खालच्या बशीतल्या खोबणीत नीट बसावं म्हणून त्याला ठरावीक आकार दिलेला असतो. कापल्यावर ते टोक बशीवर नुसतं टेकतं आणि फिरताना सरकतं. शिवाय गॅसच्या ज्योतीने त्या भागातलं पोलादाचं पाणी उतरतं. स्प्रिंगचं पोलाद पाणी देऊन बनवलेलं असतं, ते लाल होईपर्यंत तापवलं की तिथे ते साधं लोखंड उरतं. चार महिन्यांत पुढची डावी स्प्रिंग मोडली. नशीब, पार्किंगमध्ये.

कापल्याने स्प्रिंग मऊ होते असं पुष्कळांना वाटतं, पण होतं उलटंच. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते: सहा कामाच्या वेढ्यांचे पाच केले तर कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो. तारेची जाडी तर याहून जोरदार काम करते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १३ ची वापरली की बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग ३८ टक्के कडक. म्हणून दोन स्प्रिंगा शेजारी ठेवून 'दिसायला तर सारख्याच आहेत' असं म्हणण्यात अर्थ नाही. व्हर्नियर लावा.

आता मुख्य मुद्दा. चांगली लोअरिंग स्प्रिंग एकाच वेळी दोन गोष्टी करते: ती मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड असते आणि कडकही असते. एक साधा हिशोब मांडू, तो समजला की कॅटलॉग वाचता येतो. समजा पुढच्या एका स्प्रिंगवर ३०० किलोचा भार आहे. मूळ स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला २.२ किलो घेते. म्हणजे गाडी उभी असताना ती १३६ मिलिमीटर दबलेली आहे. नवी स्प्रिंग घेतली २.८ किलोची, सव्वापटीहून थोडी जास्त कडक. ती त्याच भाराखाली १०७ मिलिमीटरच दबेल. लांबी तीच ठेवली तर गाडी खाली जायच्याऐवजी २९ मिलिमीटर वर उचलली जाईल! ती ३० मिलिमीटर खाली आणायची तर मोकळ्या स्प्रिंगची लांबी जवळपास ६ सेंटिमीटरने कमी करावी लागते.

आणि इथेच पहिली अडचण उभी राहते. गाडी जॅकवर घेतली किंवा चाक मोठ्या खड्ड्यात लटकलं की शॉकअप पूर्ण बाहेर येतो. समजा मूळ उंचीवरून तो आणखी ८० मिलिमीटर बाहेर येतो. मूळ स्प्रिंग तेव्हाही ५६ मिलिमीटर दबलेली राहते, म्हणजे घट्ट. आपली नवी स्प्रिंग ३० मिलिमीटर खाली बसल्यामुळे शॉकअपला आता ११० मिलिमीटर बाहेर यायला वाव आहे, आणि स्प्रिंग दबलेली आहे फक्त १०७. चाक लटकताच ती ढिली पडते, बशीतून सरकते, आणि परत खाली येताना तिरकी बसू शकते. हे टाळण्यासाठी चांगले उत्पादक स्प्रिंगच्या एका टोकाला जवळजवळ चिकटलेले मऊ वेढे देतात. गाडीच्या वजनाखाली ते मिटून जातात आणि चाक लटकलं की उघडून स्प्रिंगला जागेवर धरून ठेवतात. दुकानात स्प्रिंग हातात घेतलीत तर वेढ्यांमधलं अंतर बघा. एकीकडे दाट, एकीकडे विरळ दिसलं की ती प्रोग्रेसिव्ह. मात्र दाट वेढे गाडी उभी असतानाच पूर्ण मिटत असतील तर चालवताना तिचं वागणं साध्या सरळ स्प्रिंगसारखंच. 'प्रोग्रेसिव्ह आहे म्हणजे मऊ पण आणि कडक पण' हे विक्रेत्याचं वाक्य अर्धंच खरं.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे, आणि माझ्या मते लोअरिंग स्प्रिंगची सगळी निवड तिच्यावर ठरायला हवी. गाडी खाली बसली की चाकाला वर यायला जी जागा होती ती कमी होते. समजा आधी ७० मिलिमीटर होती, ३० खाली घेतल्यावर ४० उरली. खड्ड्यातून वर येणाऱ्या चाकाचा तोच धक्का आता ७० ऐवजी ४० मिलिमीटरमध्ये जिरवायचा आहे. नुसत्या स्प्रिंगने हे करायचं तर तिला तिप्पट कडक व्हावं लागेल. आपण तर सव्वापट केली. मग उरलेलं काम कोण करतं? शॉकअपच्या दांड्यावर आत बसवलेला फोमचा बफर. गॅरेजमध्ये त्याला कोणी किंमत देत नाही. फाटला तर 'असू दे साहेब, काय होत नाय' म्हणून तसाच ठेवतात. खाली बसवलेल्या गाडीत मात्र तो रोजचा कामगार होतो. 'स्प्रिंग फार कडक आहेत, गाडी धोपटते' ही तक्रार जेव्हा येते तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा स्प्रिंगचा दोष नसतो, गाडी बफरवर चालत असते. अशा माणसाला आणखी कडक स्प्रिंग दिली तर गाडी उलट मऊ वाटू शकते, कारण ती बफरपासून दूर राहते.

तुमच्या गाडीत किती जागा उरली आहे हे समजायला फार खटाटोप लागत नाही. शॉकअपवरचं रबरी डस्ट कव्हर वर सरकवा, चकचकीत दांड्याभोवती एक बारीक केबल टाय बसवा, फार घट्ट नको, हाताने सरकेल इतपत. ती खाली शॉकअपच्या नळीपर्यंत ढकला. मग रोजच्या रस्त्याने जा, घरच्यांना बसवून जा, त्या फाटकातल्या गतिरोधकावरूनही जा. परत आल्यावर टाय दांड्यावर कुठवर सरकली ते बघा. ती बफरला जाऊन भिडली असेल तर मूळ उंचीवरच तुमची गाडी सगळी जागा वापरते आहे. तिला आणखी ३० मिलिमीटर खाली घेणं म्हणजे रोजचा मार. टाय आणि बफर यांच्यात ३०-३५ मिलिमीटर मोकळी दिसली तर २५ मिलिमीटरच्या स्प्रिंगचा विचार सुरक्षित आहे. मी हे माझ्या पोलोवर, पुढे आणि मागे, दोन आठवडे केलं. पुढे जागा होती. मागे, आई-बाबा आणि डिक्कीत दोन बॅगा घेऊन ताम्हिणीतून माणगावला जाऊन आल्यावर, टाय पूर्ण वर चढलेली.

मागच्या बाजूचा हा हिशोब हौशी लोक हमखास विसरतात, कारण ते गाडी एकटे चालवतात. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिक्कीत सामान मिळून अडीचशे किलो धरा. त्यातलं बहुतेक मागच्या दोन चाकांवर येतं. चाकापाशी दोन किलोला एक मिलिमीटर एवढा कडकपणा असेल तर गाडीचा मागचा भाग सहा सेंटिमीटरच्या आसपास बसतो. आधीच ४० मिलिमीटर खाली घेतलेली गाडी अशा वेळी प्रत्येक सांध्यावर बफर आपटत जाते आणि मागे बसलेली मावशी 'जरा हळू घे रे' म्हणत राहते. कोकणात वर्षातून चारदा सहकुटुंब जाणाऱ्यांनी मागची उंची २० मिलिमीटरपेक्षा जास्त कमी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढून थोडी जास्त, मागून थोडी कमी असा संच मिळत असेल तर तो घ्या. दिसायलाही वाईट नाही.

कॅटलॉगमधल्या 'मिमी' या शब्दावर एक इशारा. आयबाख आणि एचअँडआर ही यातली दोन मोठी जर्मन नावं, दोघीही वेस्टफेलियातल्या एकमेकींच्या शेजारच्या गावांतल्या कंपन्या. आयबाखचा प्रो-किट संच माफक खाली घेणारा, स्पोर्टलाइन त्याहून बराच खाली. पण कॅटलॉगमध्ये लिहिलेली घट युरोपात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या उंचीवरून मोजलेली असते. भारतात येणाऱ्या बऱ्याच गाड्या आपल्या रस्त्यांसाठी मुळातच उंच ठेवलेल्या असतात. चाकणला बनलेली पोलो आणि युरोपातली त्याच पिढीची पोलो एका उंचीच्या नाहीत. त्यामुळे कागदावर ३० मिलिमीटर लिहिलेला संच आपल्या गाडीला ४५ सुद्धा खाली आणू शकतो. विक्रेत्याला एवढंच विचारा: "भारतात बनलेल्या याच मॉडेलवर, याच इंजिनाच्या गाडीवर बसवून किती खाली गेली?" उत्तर 'साधारण' या शब्दाने सुरू झालं तर दुसरा विक्रेता बघा.

इंजिनाचं महत्त्व वजनासाठी. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मॅन्युअलपेक्षा जड. जर्मनीत अशा स्प्रिंगांबरोबर ट्यूफसारख्या संस्थेच्या तपासणीचा कागद मिळतो, त्यात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर किती किलोपर्यंत ही स्प्रिंग चालेल हे लिहिलेलं असतं. तो आकडा तुमच्या गाडीच्या दारातल्या स्टिकरशी ताडून बघा. पेट्रोलच्या स्प्रिंगा डिझेलला घातल्या तर नाक खाली, आणि उलटं केलं तर गाडी खाली बसतच नाही. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

आता वळणाबद्दल. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर बाहेरच्या चाकांवर कमी भार जातो, हे बरोबर. पण किती? गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटर उंचीवर असेल आणि तो ३० ने उतरला तर भाराची ही देवाणघेवाण साडेपाच टक्क्यांनी घटते. चांगल्या टायरने याहून कितीतरी जास्त पकड मिळते. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानना पुढे मॅकफर्सन सस्पेन्शन असतं, आणि त्याची एक खोड आहे. गाडी खाली गेली की लोअर आर्म आडवा न राहता चाकाकडे वर चढलेला होतो. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलवणारा तरफेचा हात लांब होतो. म्हणून फार खाली घेतलेली पण पुरेशी कडक न केलेली गाडी मूळ गाडीपेक्षा जास्त कलू शकते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात अशी एक गाडी माझ्यापुढे चालली होती, थांबून तिच्या मालकाला विचारलं तर म्हणाला, "दिसते ना पण भारी?" दिसत होती खरी.

लोअर आर्म साधारण आडवा राहील इतपतच खाली जाणं, ही हॅचबॅकसाठी मी मानलेली मर्यादा. पंचवीस, फार तर तीस मिलिमीटर. गाडी सपाट जागी उभी करून खाली वाकून बघितलं की आर्मचा कोन साध्या डोळ्यांना दिसतो. आताच तो आडवा असेल तर तुमच्या गाडीत खाली जायला वावच ठेवलेला नाही.

शॉकअपबद्दल लोक दोन टोकांना बोलतात. एक म्हणतो जुनेच चालतात, दुसरा म्हणतो महागडे हवेतच. स्प्रिंग सव्वापट कडक झाली तर तिला उसळताना आवरायला शॉकअपमध्ये साधारण १३ टक्के जास्त जोर लागतो, कारण गरज कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. उत्पादकाचा नवा शॉकअप एवढं सहज सांभाळतो. सत्तर हजार किलोमीटर चाललेला सांभाळणार नाही. त्यामुळे २५ मिलिमीटरच्या माफक स्प्रिंगला मूळ प्रतीचे नवे शॉकअप पुरतात. चाळीसच्या वर जायचं असेल तर आखूड दांड्याचे, कडक वाल्व्हचे शॉकअप घ्यावेच लागतात आणि मग खर्च दुप्पट-तिप्पट होतो. चुड्या फिरवून उंची बदलता येणाऱ्या कॉइलओव्हरबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. दोन पावसाळे आणि चिखल खाल्ल्यावर त्या चुड्या इतक्या जाम होतात की उंची बदलणं कागदावरच राहतं.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचं नातं हा विषय मोठा आहे, पण थोडक्यात सांगतो. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या इंग्लिश इंजिनिअरने दाखवलं की गाडीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने वर-खाली व्हायला हवा. उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो. मागचा भाग जरा भरभर हलला तर तो पुढच्याला गाठतो आणि दोन्ही एकत्र शांत होतात. उलटं झालं तर गाडी झोपाळ्यासारखी पुढे-मागे डुलत राहते. आपल्या हिशोबातली स्प्रिंग २.२ वरून २.८ केली तेव्हा पुढच्या भागाची ही गती सेकंदाला १.३५ वरून १.५ च्या वर गेली. मागच्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या तर ऑलीचा नियम मोडतो. 'पुढच्या दोनच घे, मागच्या पुढच्या महिन्यात बघू' असं कधी करू नका. चारही एकाच संचातल्या आणि एकाच दिवशी.

कायद्याचं सांगणं गैरसोयीचं आहे, पण सांगायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकच लावला. जर्मन कागद आपल्या आरटीओत चालत नाही. रस्त्यावर कोणी तुमच्या स्प्रिंगा मोजत बसणार नाही. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर मात्र गाडीखाली नक्की वाकतो. बदल करण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा, लेखी उत्तर घ्या आणि ते पॉलिसीसोबत ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनचा दावा हातचा गेला असं समजूनच पुढे जा.

बसवून घेताना गॅरेजच्या दारात चहा पीत उभं राहू नका, आत जा. आधी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीज हिशोब बिघडवतात. स्प्रिंग काढताना दोन्ही बाजूंना कॉम्प्रेसर लावलेला हवा. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला जायबंदी करण्याइतका जोर असतो, तेव्हा ज्या मेकॅनिककडे हे अवजार धड नाही त्याच्याकडून घरी परत या. वरचं माउंटिंग आणि बेअरिंग त्याच वेळी नवं टाका, मजुरी एकदाच लागते.

आणि एक गोष्ट, जी दहातले आठ गॅरेजवाले चुकवतात. लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नसतात. बुशमधलं रबर आवळल्या क्षणीच्या कोनात अडकतं. चाक लटकलेलं असताना आवळलं तर गाडी खाली टेकल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून बसवायची आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. माझ्या मेकॅनिकने पहिल्यांदा ऐकल्यावर "साहेब, वीस वर्षं झाली मला या धंद्यात" असं ऐकवलं. मी जुना फाटलेला बुश त्याच्या हातात दिला. त्याने तो दोन-तीनदा फिरवून पाहिला, काही न बोलता रॅम्प खाली घेतला आणि तसंच केलं.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, कारण खाली गेल्याने चाकांचा कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. टो चुकला तर टायरची आतली कड पाच हजार किलोमीटरमध्ये साफ होते. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर स्प्रिंगा थोड्या बसतात, तेव्हा पुन्हा एकदा मोजा आणि पुन्हा अलाइनमेंट. हेडलाइटचा झोतही बघून घ्या.

माझ्या पोलोत शेवटी पुढे २५ आणि मागे १५ मिलिमीटरचा फरक पडला. फोटोत तो जवळपास दिसत नाही, मित्रांनी विचारलं, "केलंस तरी काय?" घाटात दिसतो. फाटकातल्या गतिरोधकावरून मी तिरका जातो, एकेक चाक चढवत, आणि वॉचमनकाका अजूनही टक लावून बघतात.

जुन्या चार स्प्रिंगा भंगारात देऊ नका. 'पुढची डावी', 'पुढची उजवी' असं खडूने लिहून, गोणीत बांधून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना घेणारा त्याच मागेल.